म्यान कसं धरायचं

दोन बहिणींशी लग्न केलेले दोन पुरुष एकमेकांचे साडू होतात. यात दोघांचाही काही गुन्हा नसतो. शिक्षा मात्र जन्मठेपेची असते.

धाकटा साडू कवळ्या बनवायचा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे दहा बाय बाराची खोली, फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, वितळलेल्या मेणाचा वास आणि दिवसभर घूंघूं करणारं घासणीचं यंत्र, हा त्याचा संसार. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण म्हातारे आभार डॉक्टरांचे मानत. थोरल्या साडूने लग्नाच्याच आठवड्यात त्याचं नाव 'दातवाले' पाडलं आणि सासरी ते असं चिकटलं, की खुद्द बायकोलाही एकदा फोनवर "दातवाले आहेत का घरात?" असं कोणी विचारलं तेव्हा तिने "आहेत, देते" म्हटलं होतं.

थोरल्या साडूला सगळे कॅप्टन म्हणत. तो सैन्यात कधीच नव्हता. कॉलेजात असताना व्हॉलीबॉलच्या संघाचा तीन सामने कॅप्टन होता. तिन्ही सामने हरले, पदवी तेवढी राहिली. पुढे तो पाण्याच्या टाक्या विकू लागला आणि तिथेही कॅप्टनच राहिला.

सासरे वनखात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. वर्षातून एकदा ते चार दिवस जंगलात जात. आत खोलवर एक जुनी चौकी होती. तिच्याकडे जाणारी पायवाट दरवर्षी झुडपांनी बुजायची आणि सासरे ती दरवर्षी तोडून मोकळी करायचे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांना 'का' विचारण्याची पद्धत घरात नव्हती. अकरा वर्षं त्यांच्याबरोबर कॅप्टन जायचा, आणि उरलेले तीनशे एकसष्ट दिवस त्या चार दिवसांबद्दल बोलायचा. जेवणाच्या टेबलावर अस्वलाचा माग निघाला, की दातवाल्याने पाण्याचा जग पुढे करायचा, अशी कामाची वाटणी होती. जग रिकामा झाला की तो भरून आणायचा. परत येईपर्यंत अस्वल पळून गेलेलं असायचं.

यंदा सासऱ्यांचा फोन आला. ते फोनवर बोलत नसत, निरोप टाकत. "शनिवारी निघायचं. स्वतःची खुकरी असेल तर या." जंगलात कोणी कोणाचं हत्यार मागायचं नाही, हा त्यांचा एकमेव नियम, आणि तो बाकीच्या सगळ्या नियमांच्या वर होता. दातवाल्याने फोन ठेवला, आणि बायको म्हणाली, की अहो, आता बाबांनी स्वतःहून बोलावलंय, तर एवढं एक नीट करा. अकरा वर्षं पाण्याचा जग धरून बसलेल्या माणसाला हे सांगण्याची गरज नव्हती. त्याला ते चार दिवस हवे होते. बाकी कशाचा त्याला लोभ नव्हता.

हे कळताच कॅप्टनने मदत जाहीर केली. खुकरी निवडणं म्हणजे दाढ बसवणं नव्हे, असं तो म्हणाला, आणि शुक्रवारी दुपारी त्याला आपल्या गाडीत घालून हत्यारांच्या दुकानात घेऊन गेला. येताना स्वतःची खुकरीही आणली होती. नमुना म्हणून.

दुकान एका बाईचं होतं. पन्नाशीची, कानावर पेन्सिल, कंबरेला चामड्याचा ॲप्रन, आणि गिऱ्हाईक आत आलं की चेहऱ्यावर असा भाव, जणू तिच्या हातच्या जेवणातून कोणी केस काढून दाखवलाय. कॅप्टनने आपली खुकरी काउंटरवर ठेवली. मुठीला पितळेचं सिंहाचं तोंड, पात्यावर वेलबुट्टी, म्यानाला लाल मखमल. बाईने पातं काढलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला. नंतर उभाही फिरवला, जो शहाण्या माणसाने कुठल्याही धारेवरून फिरवू नये.

"भिंतीवर लावायची आहे ही," ती म्हणाली. "हिने लोणी कापता येईल. आधी वितळवलं तर."

कॅप्टन हसला. तो हसतो तेव्हा समजावं की त्याने नोंद केली. मग त्याने साडूसाठी वरच्या कप्प्यातली सगळ्यात मोठी खुकरी मागितली. पंधरा इंची, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. साडूबुवांच्या हाताला जरा वजन शोभेल, तो म्हणाला, आयुष्यभर चिमट्याने काम केलंय बिचाऱ्यांनी. दातवाल्याने ती उचलली आणि दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा मनगटाने नकार दिला. सकाळी नऊला हिच्या जिवावर वाट तोडायला लागलो, तर दहाला सासऱ्यांसमोर दगडावर बसलेले असू, हे त्याच्या लक्षात आलं. कॅप्टनच्या ते आधीच लक्षात आलेलं होतं. म्हणून तर त्याने ती निवडली होती.

बाईने मोठी खुकरी परत ठेवली आणि दातवाल्याला विचारलं, काय तोडणार? त्याने सांगितलं. झुडपं, मनगटाएवढे फाटे, चुलीपुरती लाकडं. तिने विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, चार दिवस, पण रोज. मग तिने त्याचा पंजा मागितला, आपल्या पंजाला लावून पाहिला, आणि खालच्या खणातून तीन साध्या, काळपट, कसलीही नक्षी नसलेल्या खुकऱ्या काढल्या. अकरा वर्षांत त्याला कोणी लागोपाठ दोन प्रश्न विचारून दोन्हींची उत्तरं ऐकून घेतली नव्हती. त्याला जरा गहिवरून आलं, पण बाईच्या चेहऱ्याकडे पाहून ते ओसरलं.

यापुढचं त्याला कोणी शिकवायची गरज पडली नाही. धातू घासण्यातच त्याची वीस वर्षं गेली होती. त्याने बाईकडून कानस मागून घेतली. पहिल्या खुकरीच्या पाठीवर आणि पोटावर, म्हणजे धारेकडे, ती सारखीच चावली. म्हणजे पातं सगळीकडे मऊ, धार दुपारपर्यंतही टिकायची नाही. दुसरीत मुठीतून खडखड आवाज येत होता. पात्याची शेपटी आत बोटभरच गेलेली. जोराचा घाव बसला की पातं एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. तिसरी दहा इंची. कानस पाठीवर चावली, पोटावर मात्र काचेवरून निसटावी तशी निसटली. घाव झेलायला पाठ मऊ, कापायला धार कडक. शेपटी मुठीच्या टोकापर्यंत, तीन रिव्हेटांनी पक्की. त्याने ती हातात धरली, आणि हात जरा लांब झाल्यासारखा वाटला.

"ही," तो म्हणाला.

"कळतं तुम्हाला," बाई म्हणाली. हे तिने कौतुकाने नव्हे, संशयाने म्हटलं.

कॅप्टनला तेवढ्यात एका टाकीच्या गळतीचा फोन आला आणि तो गिऱ्हाइकाला झापायला बाहेर गेला. तेवढ्या वेळात बाईने दातवाल्याला एकच गोष्ट शिकवली. तीही तीनदा करून घेतली. खुकरीचा बाक उलटा, धार आतल्या बाजूला. म्यान म्हणजे दोन पातळ फळ्या आणि त्यांना गुंडाळलेलं कातडं. ओढताना पातं धारेकडच्या फटीतून बाहेर येऊ शकतं. म्हणून म्यान पाठीकडून धरायचं, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. मूठ वळून धारेवर बोटं गुंडाळायची नाहीत. "जितकी चांगली धार, तितकं हे महत्त्वाचं," ती म्हणाली, आणि पात्याला लावायचं तेल आणायला मागच्या खोलीत गेली.

कॅप्टन फोन खिशात घालत आत आला. साडूने साधी खुकरी निवडलेली पाहून त्याने नाक मुरडलं. कोळसा फोडायला बरी आहे, म्हणाला. मग लोण्याची नोंद आठवली असावी. त्याने काउंटरवरून खुकरी उचलली.

"बघा साडूबुवा. अशी काढतात."

त्याने डाव्या हाताने म्यान पकडलं, ते क्रिकेटची बॅट पकडावी तसं, चारही बोटं वळवून, धारेवरून. आणि दातवाल्याला एका क्षणात अकरा वर्षं समजली. हा नेहमी असंच धरत आलाय. त्याच्या सिंहाने त्याला कधी कापलं नाही, कारण सिंहाला धारच नव्हती. अकरा वर्षं जंगलात फाटे सासऱ्यांनी तोडले होते, आणि याने ते बाजूला ओढले होते.

तोंड उघडायला वेळ होता. 'थांबा' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. कवळी नसलेल्या माणसालाही तो म्हणता येतो. दातवाल्याने तो म्हटला नाही. त्याने ओठ मिटले, आणि दुकानातल्या कॅलेंडरकडे पाहिलं.

कॅप्टनने झटक्यात ओढली.

तीन बोटं, सात टाके. आवाज फारसा झाला नाही. कॅप्टन आधी रागावला, मग त्याने खाली पाहिलं, आणि मग तो खुर्ची शोधू लागला. बाई तेलाची बाटली घेऊन बाहेर आली. तिने बोटं पाहिली, म्यानाची उसवलेली कड पाहिली, आणि मग बराच वेळ दातवाल्याकडे पाहत राहिली. एक स्वच्छ फडकं तिने कॅप्टनकडे फेकलं. पातं पुसलं, तेल लावलं, दुसरं म्यान घातलं, कागदात गुंडाळून दातवाल्यापुढे सरकवलं.

"धार गेली की दुसरीकडे जा," ती म्हणाली. "इथे येऊ नका."

दवाखान्यात टाके पडत असताना कॅप्टनने हकीकत ठरवून टाकली. गाडीचं बॉनेट पडलं. म्यानच खराब होतं हे खरं, पण लोकांना कुठे समजावत बसणार. साडूबुवांनी फक्त मान डोलवायची. साडूबुवांनी डोलवली. येताना गाडी त्यांनीच चालवली, कारण डाव्या हाताने गिअर टाकणं कॅप्टनला जमेना. आयुष्यात पहिल्यांदा कॅप्टनचं काहीतरी आपल्या मुठीत आहे, या विचाराने त्या संध्याकाळी दातवाला दोन घास जास्त जेवला.

शनिवारी सकाळी सहाला सासरे फाटकाशी उभे होते. त्यांनी आधी दोघांच्या पिशव्या तपासल्या, मग हत्यारं दाखवायला सांगितली. कॅप्टनचा सिंह त्यांनी न बघताच परत केला. दातवाल्याची खुकरी उघडली, रिव्हेटांवरून बोट फिरवलं, धार उजेडात धरली.

"कोणी निवडली?"

"मी."

"बरी आहे."

सासऱ्यांच्या कोशात याहून मोठा शब्द नव्हता. फाटकामागे उभ्या असलेल्या सासूबाईंनी तो ऐकला आणि खात्री करायला नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दातवाल्याला वाटलं, वाट सुरू झाली.

मग सासऱ्यांना पट्टी दिसली. कॅप्टनने बॉनेट सांगितलं, आवाजासकट सांगितलं. सासऱ्यांनी पट्टी सोडायला लावली. टाके बोटांच्या आतल्या बाजूने, एका सरळ रेषेत, तिन्ही बोटांवरून. त्यांनी आयुष्यभर जमिनीवरच्या रेषा पाहिल्या होत्या.

"म्यान कसं धरलं होतंत, जावईबापू?"

कॅप्टनने फाटकाच्या कडीकडे पाहिलं. कडीने काही सुचवलं नाही. सासरे दातवाल्याकडे वळले.

"तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"चुकीचं धरलंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणायचं होतं, बस. म्हाताऱ्याने ते मानलंही असतं; कवळ्या बनवणाऱ्याला म्यानातलं काय कळणार, हे सगळ्या घराचं मत होतं. नाही म्हटलं असतं, तर चार दिवस त्याचे होते, कॅप्टनशिवाय, सासऱ्यांच्या मागोमाग, हातात दहा इंची. पण अकरा वर्षांत त्याने कॅप्टनविरुद्ध जे काही केलं होतं, ते एवढंच. तेही बॉनेटच्या नावावर जमा व्हावं, हे त्याला सोसवेना.

"माहीत होतं," तो म्हणाला. "दुकानदार बाईंनी पाच मिनिटं आधीच शिकवलं होतं."

कॅप्टनने मान वर केली. त्याला हे आत्ता कळत होतं.

सासऱ्यांनी खुकरी म्यानात घातली, बोटं बाजूंवर ठेवून, आणि दातवाल्याच्या हातात परत दिली. आवाज चढवला नाही. "यांना धरता येत नाही, तुम्हाला सांगता येत नाही," ते म्हणाले. "चार दिवस माझी पाठ कुणाकडे करू?" मग दोघांच्या पिशव्यांतून शिधा आणि आगपेट्या काढून आपल्या पिशवीत भरल्या, कारण सामान आणलेलंच होतं, आणि निघाले. सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दोन्ही साडू गाडीत बसले. किल्ली दातवाल्याकडेच होती. गाडीने चौक ओलांडला.

"ठरवून गप्प बसलास?" कॅप्टनने विचारलं. साडूबुवा संपले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ बोलत होता.

"हो."

"वेळ होता?"

"तुम्ही 'बघा साडूबुवा' म्हणालात ना, तेवढा."

कॅप्टनने बाहेर पाहिलं. एकेक दुकान उघडत होतं. त्याने टाक्यांचा हात मांडीवर उताणा ठेवला आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. मग राहवेना.

"तिसरा टाक," तो म्हणाला. "इंजिन रडतंय."

दातवाल्याने ऐकलं. घर सहा किलोमीटर होतं, रस्ता मोकळा होता, आणि गाडी कॅप्टनची होती. तो दुसऱ्या गिअरवरच घरापर्यंत गेला.