पेशंटबरोबर आलेली

"जरा थांबूया," नवरा म्हणाला आणि विजेच्या खांबाला टेकला. तीही टेकली. त्याच्या पोटरीत पेटका आला होता. तिच्याही आला होता, पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं. पायाची रक्तवाहिनी तुंबली होती ती त्याची. फाईलही त्याचीच.

रोज चाला, दुखलं की थांबा, पुन्हा चाला, असं सर्जनने त्याला बजावलं होतं. म्हणून लॉन्ड्रीत आठ तास उभ्याने इस्त्री करून आली की ती त्याच्याबरोबर निघायची. तो थांबला की तिच्या पायालाही उसंत मिळायची आणि घरी पोचेपर्यंत ती आपलं दुखणं विसरूनही जायची. दुसऱ्याच्या आजारपणात आपलंही परस्पर भागवून घ्यायचं, ही तिची जुनी खोड.

मग त्याच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती मोकळी केली. महिन्याभरात गडी टुणटुणीत. खांब यायचा, जायचा, हा काही थांबायचा नाही. आता ती मागे पडू लागली.

"आजारी मी होतो की तू?" तो हसून विचारायचा. चार लोकांत सांगायचा, हिला चालायचा कंटाळा.

ती गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. पोटरी दुखते म्हणाली, तर त्यांनी गुडघा दाबून पाहिला. या वयात बायकांचं असं व्हायचंच म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. वर्षभर तिने त्या इमानेइतबारे खाल्ल्या.

मग चपलेने अंगठ्याला फोड आला. तो बरा होईना, काळा पडला. तेव्हा कुठे नवऱ्याने तिला आपल्या सर्जनकडे नेलं. तिच्याही पायात फुगा घातला, पण दहा दिवसांत रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली. मुळात बारीक, त्यात उशीर झालेला. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, असं सर्जनने सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वाईट वाटत होतं.

"बायका फार उशिरा येतात हो," तो म्हणाला.

"मी आले होते," ती म्हणाली. "अकरा वेळा. यांची फाईल घेऊन इथेच बसायचे."

दर वेळी सर्जनने तिला बसायला खुर्ची दिली होती, चहाही विचारला होता. पाय तेवढा पाहिला नव्हता.

नर्स संमतीचा कागद घेऊन आली आणि पेनासकट तिने तो नवऱ्यापुढे धरला. सही कुठे करायची, असं विचारत तो खिशात चष्मा चाचपू लागला.

"इकडे द्या," ती म्हणाली. "पाय माझा आहे."

तिने कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. नर्स घड्याळ बघत उभी राहिली. शेवटपर्यंत वाचून तिने नीट सही केली. पेनाला टोपण मात्र तिला काही केल्या लावता येईना. ते नवऱ्याने लावलं.