पान सत्तेचाळीस, खालून तिसरी ओळ

मी पोचवही बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडू नका. कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, की घेणाऱ्याची सही जिच्यात होते, ती मी. जाड पुठ्ठ्याची, अंगावर चहाचे दोन डाग.

मला काखोटीला मारून फिरायचे ते शिपाईमामा. तरुणपणी त्यांच्यावर एक पत्र हरवल्याचा आळ आला होता. तेव्हापासून सही आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय मामा कुणाच्या दारातून हलत नसत. साहेब लोक वैतागायचे. "सह्यांचं काय लोणचं घालणार आहात का, मामा?" मामा नुसते उभे राहायचे.

आमच्या खात्याला गुपितांची भारी हौस. पंख्यांच्या दुरुस्तीची यादी गोपनीय, रजेचे अर्ज गोपनीय. एकदा तर गळक्या नळाची तक्रार लाखेचं सील लावून गेली होती. नळ तसाच गळत राहिला.

एका सकाळी एका अभियंता बाईंचं पत्र आलं. नदीवरच्या पादचारी पुलाला तडे गेलेत, पूल ताबडतोब बंद करा. मामांनी ते सचिवसाहेबांच्या हातात दिलं. साहेब फोनवर हसत होते. हसता हसताच त्यांनी माझ्यात सही ठोकली, वेळ लिहिली आणि पत्र खणात टाकलं. तीन आठवड्यांनी पूल पडला. पाच माणसं गेली.

खात्याने हात झटकले. असं पत्र आलंच नाही, म्हणे. बाईंना निलंबित केलं, वर त्यांच्यावरच हलगर्जीपणाचा खटला. तोवर मामा निवृत्त झाले होते आणि मी एका लंगड्या टेबलाच्या पायाखाली पडले होते. सगळं ऐकत होते. चीड येत होती, पण अंगावर टेबल होतं.

मग विधिमंडळाच्या समितीने कागद मागवले. पहिलं उत्तर गेलं, कागद गोपनीय आहेत. दुसरं गेलं, कागद सापडत नाहीत. एकच कागद एकाच आठवड्यात गुप्तही होता आणि गायबही. तेव्हा समितीने आपला अधिकार दाखवला: चार दिवसांत कागद द्या, नाहीतर सचिवांनी सभागृहापुढे उभं राहावं.

साहेब हाताखालच्यांना म्हणाले, "सगळंच पाठवा. रद्दी, वह्या, असेल ते. बसू देत चाळत." चाळीस पोती भरली. शेवटचं अर्धं राहिलं, म्हणून मला टेबलाखालून ओढून त्यात कोंबलं. एवढी अक्कल चालवणाऱ्यांच्या हातात पूल होते.

समितीत एक म्हाताऱ्या सदस्या होत्या, आधीच्या परिचारिका. त्या रोज एक पोतं उपसायच्या. मी सापडले तशी त्यांनी मामांना बोलावून घेतलं.

"ही सही माझी नाही," सचिव म्हणाले.

"तुमचीच, साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "वेळसुद्धा तुम्हीच लिहिलीत. माझं घड्याळ बंद होतं. तुम्ही म्हणालात, एवढ्या सह्या घेता, एक घड्याळ घ्या की."

सगळे हसले. साहेब पाणी प्यायले.

मला वाटलं, बाई सुटल्या. मीही खुळीच. समितीने मला पुरावा म्हणून ठेवून घेतलं आणि माझ्या पुठ्ठ्यावर शिक्का मारला: गोपनीय. अहवाल अजून सभागृहात आलेला नाही. बाईंनी खटल्यासाठी त्या एका पानाची नक्कल मागितली, तर समितीच्या कचेरीतून उत्तर गेलं की देता येत नाही. जनतेला कळलंच पाहिजे, म्हणून घसा कोरडा करणारे हेच. सगळे एकाच माळेचे मणी. आणि खात्याने काय धडा घेतला? महत्त्वाची पत्रं आता सही न घेता पोचवायची, असं परिपत्रक काढलं.

कपाट आवरणारे कारकून बोलत होते, बाईंच्या खटल्याची शेवटची तारीख सोमवारी आहे. मला पाय नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे कागद पोचवले, हा एक पत्ता तुमच्या हाती देते. समितीची कचेरी, कपाट नववं, वरून दुसरा कप्पा. पान सत्तेचाळीस, खालून तिसरी ओळ, अकरा वाजून दहा मिनिटं. एवढा पत्ता सांगून मागा. गोपनीय आहे म्हणतील, पण सापडत नाही असं म्हणता येणार नाही.

आणि हो, पत्ता मिळाल्याची सही करा. वेळही लिहा.