लान-हिंगची हाक

मेलेला माणूस खोटं बोलत नाही. तो कोर्टातही जात नाही, म्हणून निर्माते त्याच्यावर सिनेमे काढतात.

मारामारीच्या सिनेमांचा हिरो तुंग हाक-लाम मेला तेव्हा अख्ख्या काउलून शहराच्या भिंतींवर पोस्टरांत तो होता: उघडी छाती, हवेत लाथ. असा माणूस झोपेत जातो हे लोकांना पटेना. त्यातून झोप स्वतःच्या घरातली नव्हती, मोक लान-हिंग या नटीच्या फ्लॅटमधली होती. पेपरवाल्यांनी ठरवून टाकलं, की बदनामीच्या भीतीने बाई त्याच्या उशाशी नुसती बसून राहिली. एक हाक मारली असती तर वाघ उठला असता.

पुढे निर्माते-दिग्दर्शक निपसाहेबांनी त्याच्या शेवटच्या प्रेमावर सिनेमा काढायला घेतला. पटकथा माझी, आणि लान-हिंगच्या भूमिकेत लान-हिंगच. मानधनावरून तिने घासाघीस केली नाही. अट एकच घातली.

"हाकेचा शॉट राहील. मी त्याला हाक मारली होती. लोकांना दिसू दे."

"लानताई, थोडी शंका ठेवू या ना," निपसाहेब म्हणाले. "शंकेवर तिकिटं खपतात."

"मग शंकेलाच घ्या नायिका म्हणून."

शॉट राहिला.

हाक-लामच्या जागी सिट वाय होता, त्याचा जुना डुप्लिकेट. हाक-लामच्या नावावरच्या साऱ्या उड्या प्रत्यक्षात यानेच मारलेल्या, मारही यानेच खाल्लेला. मेल्याचं काम करणाऱ्याला आमच्याकडे शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट देतात आणि कट झाल्यावर त्याच्या स्वतःच्या नावाने उठवतात. म्हणजे भलतंच कोणी उठून बसत नाही.

"पाकीट आधी," पलंगावर आडवा होत सिट म्हणाला. "मेल्यावर प्रॉडक्शनवाले ओळख दाखवत नाहीत."

सेटवरचं सामान सांभाळणारे को-काका कुरकुरत होते. "ताई, हाक मनातल्या मनात मारा. निजलेल्या देहावर मेलेल्याचं नाव घेऊ नये. आवाज काय, नंतर भरतातच."

"मनातल्या हाकेला साक्षीदार नसतो, काका."

आवाज नंतर भरतात हे खरंच. आमच्याकडे कॅमेरा मुका चालतो, बोलणं सगळं डबिंगमध्ये. त्यामुळे टेक सुरू असतानाही शेजारच्या सेटवर सुतार देऊळ ठोकत होते आणि निपसाहेब चहावाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होते. लान-हिंग पेला घेऊन आली. पलंगाशी थांबली. वाकली. शेजारची ठोकाठोक थांबली. का ते सुतारांनाही नंतर सांगता आलं नाही.

"हाक-लाम!"

सगळ्यांनी ऐकली. सिट ताडकन उठून बसला आणि तिच्याकडे न बघता दाराकडे बघून म्हणाला, "आलो!"

"गाढवा, मेलायस तू!" निपसाहेब ओरडले.

"सवय हो, साहेब. ते नाव पुकारलं की मार खायला मीच उठायचो." तो हसला, पण पलंगावरून लगेच खाली उतरला. को-काका "सिट वाय, अरे सिट वाय" करत त्याची पाठ थोपटत राहिले आणि त्यांनी त्याला आणखी एक पाकीट दिलं. दुसऱ्या टेकला लाइटवालेही तयार होईनात. सिट उठण्याआधीचा तुकडा वापरायचा असं ठरलं.

लान-हिंग मात्र खुशीत होती. "झालं एकदाचं," म्हणाली.

स्वतःच्या हाकेचं डबिंग ती स्वतःच करणार होती. डबिंगला फिल्मचा तुकडा गोल जोडून लावतात. ओठ जुळेपर्यंत तोच फिरत राहतो. तुकडा अजून कापलेला नव्हता: पडद्यावर लान-हिंग आली, थांबली, वाकली, सिट उठला. पुन्हा आली, थांबली, वाकली, सिट उठला. खाली अंधारात खरी लान-हिंग माइकसमोर श्वास भरून उभी.

"ताई, धरा ना," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"कुठे धरू? ओठ हलतच नाहीयेत."

तुकडा हळू फिरवला. चेहरा समोर, उजेड चांगला. वाकल्यापासून सिट उठेपर्यंत तिचे ओठ मिटलेले होते.

"मी हाक मारली," ती आमच्याकडे वळून म्हणाली. "तुम्ही होतात ना?"

"होतो," मी म्हणालो.

"ऐकलीत?"

"ऐकली."

पडद्यावर सिट आणखी एकदा मेला आणि उठला.

"तो गेला त्या दिवशीही मला ऐकू आली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच मारली."

तिने पर्स उचलली. "हा शॉट काढून टाका."

"अहो ताई, लोकांना दिसू दे म्हणाला होतात!" निपसाहेब म्हणाले.

"दिसतंय की."

ती गेली. पुन्हा स्टुडिओत आली नाही, फोनही उचलला नाही. निपसाहेबांनी जाहिरातीत हाक छापून टाकली होती. त्यांनी तिच्या अंगलटीची एक मुलगी आणून पाठमोरा शॉट घेतला आणि आवाज कुआनबाईंचा भरला. त्या वर्षी निम्म्या नायिका कुआनबाईंच्याच गळ्यातून बोलत होत्या.

थेटरात बायका रडल्या. ज्या पेपरने लान-हिंगला सर्वांत आधी खुनी ठरवलं होतं, त्याच्या समीक्षकाने लिहिलं, की अशी फाटलेली हाक अभिनयाने येत नसते, ही बाई निर्दोष आहे. त्यानंतर तिच्याविरुद्ध कोणी काही छापलं नाही.

आवाज फाटला होता खरा. कुआनबाईंना त्या आठवड्यात सर्दी झाली होती.