जुलाबाचं औषध

लकडगंजातल्या शाळेत रुपराव मेश्राम गुरुजींनी वीस वर्षं इंग्रजी शिकवलं ते एकाच पद्धतीनं. एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द, रोज दहा, तोंडपाठ. स्पेलिंग चुकलं की छडी. १९७४ साली त्यांची विद्यार्थिनी कौसल्या नर्सिंगला लागली, तेव्हा गुरुजींनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते.

तीच कौसल्या वर्षभरानं एका रविवारी रडून सुजलेल्या डोळ्यांनी दारात उभी राहिली.

"गुरुजी, यात काय चुकलं तेवढं सांगा." तिनं कागद पुढे केला. 'गेव्ह लूज मोशन मेडिसिन.'

झालं होतं असं. सत्यवतीबाई नावाच्या म्हातारीच्या पोटाचा एक्स-रे काढायचा होता. त्याआधी पोट साफ व्हावं म्हणून कौसल्यानं तिला एरंडेल पाजलं आणि वॉर्डाच्या वहीत तसं लिहिलं. पुढच्या पाळीच्या नर्सला ते वाचून वाटलं, म्हातारीला जुलाब लागले असतील, ते थांबवायचं औषध दिलंय. एक्स-रेसाठी सांगितलेलं एरंडेल मात्र राहूनच गेलं, असं समजून तिनं पुन्हा पाजलं. सकाळपर्यंत म्हातारी गळून गेली, सलाईन लावावं लागलं. थोडक्यात निभावलं.

गुरुजींनी चष्मा चढवून एकेक शब्द बोटानं तपासला.

"एकबी स्पेलिंग चुकलं नाही वं. जुलाब म्हणजे लूज मोशन, औषध म्हणजे मेडिसिन. रडून काहून राहिली? त्या दुसऱ्या नर्सलेच इंग्रजी येत नसंल. सांग तिले, माह्या गुरुजीनं तपासलं म्हणा."

कौसल्यानं खरंच वॉर्डात तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं.

हे कळताच गुरुजी तावातावानं दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या प्रमुख प्रेमलता सिस्टरनं आवाज न चढवता वही त्यांच्यापुढे उघडली.

"शब्द सगळे बरोबर आहेत. पण औषध कोणतं? जुलाब होण्याचं की थांबण्याचं? तुम्हीच वाचून सांगा."

गुरुजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मराठीत जुलाबाचं औषध म्हटलं की कोणालाही एरंडेल कळतं. तेच शब्द इंग्रजीत शेजारी बसवले की अर्थ उलटा फिरू शकतो, हे वीस वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"हिला इंग्रजी शिकवलं कोणी?" सिस्टरनं विचारलं. "तुम्ही कोण हिचे?"

कौसल्या दाराशीच उभी होती.

"मी... मी काका आहो तिचा," गुरुजी म्हणाले.

कौसल्यानं मान खाली घातली. "हो सिस्टर. काका आहेत."

गुरुजी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. वर्गात फळ्यावर दहा शब्द लिहायला हात उठेना. पोरं वाट पाहत बसून राहिली. पाचव्या दिवशी ते पुन्हा सिस्टरपुढे जाऊन उभे राहिले.

"मी खोटं बोललो, बाई. काका नाही. मीच शिकवलं तिले, आन् बरोबर आहे म्हणूनही मीच सांगितलं."

सिस्टरनं हातातली वही मिटली. "तिला परवाच वॉर्डात परत घेतलंय," ती म्हणाली.

म्हणजे त्यांच्या कबुलीचा कौसल्याला काडीचाही उपयोग नव्हता.

ती व्हरांड्यात भेटली. "पोरी, मी तुले तोंडघशी पाडलं," गुरुजी कसंबसं म्हणाले.

"जाऊ द्या, गुरुजी. माझी ड्युटी सुरू झाली, येऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.