तेल प्यालेलं लाकूड

आमचे जावई मितेशराव कोणाचं ऐकून घेत नाहीत. समोरचा बोलायला लागला की मान हलवतात आणि त्याचं संपायच्या आत उत्तर देतात. डोंबिवलीच्या एका कारखान्याचं सिलिकॉन विकतात. काचा बसवणारे, बाथरूम करणारे त्यांना सर म्हणतात. बिघाड तिथूनच झाला असावा.

नारळी पुनवेला आठ दिवस होते. माझे दीर गोमाजी कोलशेतच्या खाडीकाठी होडी उपडी घालून फळ्यांच्या फटी भरत बसले होते. आम्हा कोळ्यांत फटीत कापूस ठोकतात, वर राळ लावतात. गोमाजींची सत्तरी उलटली, गुडघे बोलतात, त्यामुळे काम चार दिवसांचं. पण पुनवेला आपली होडी पाण्यात नसली तर हा माणूस जेवत नाही.

मितेशराव आमच्या विनिताला माहेरी सोडायला आलेले. होडी बघून हसले. "काका, हे कुठल्या जमान्यातलं? नळीतलं सिलिकॉन भरून दोन तासांत करून देतो."

मग मला समजावलं. मी चौथी शिकलेली, म्हणून सावकाश. हे वाळूपासून काढतात म्हणे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक ओवलेले, लांबच लांब माळ. माळेला दोन्ही अंगांनी असे गोंडे, की पाणी टेकतच नाही. उन्हात तडकत नाही, तापवलं तर वितळत नाही, ताणलं तर परत जागेवर येतं. कुकरची पांढरी रिंग तीच, बाळाच्या बाटलीचं निप्पल तेच. हे मला पटलं. माझ्या कुकरची काळी रिंग वर्षाला बदलावी लागायची, पांढरी चार वर्षं टिकली. वस्तूला मी नावं ठेवत नाही.

"पण लाकडाला तेल आहे," मी म्हटलं. "दर वर्षी मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतो आम्ही. यंदाही पाजलंय."

"आई, याच्यावर तेलाचा परिणाम होत नाही."

"लागल्यावर होत नसेल हो. लागेल का, ते विचारतेय."

"तुम्ही बघाच." तोवर त्यांनी नळीचं टोक कापलंही होतं.

गोमाजींनी ठोकलेला कापूस मितेशरावांनी उपसून टाकला आणि फटी भरल्या. काठावर मासळीच्या वासात लोणच्याच्या व्हिनेगरचा वास. हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतं, म्हणून तो वास सुटतो, हेही सांगून झालं. दुसऱ्या दिवशी दाबून पाहिलं तर खरंच रबर. दिसायलाही देखणं. गोमाजींनी नुसता हात फिरवला. ते कमी बोलतात, म्हणून लोकांना वाटतं त्यांना कमी कळतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी होडी लोटली. वीस वल्ही मारली नसतील, आत घोट्याएवढं पाणी. गोमाजी डब्याने उपसत, धापा टाकत काठाला लागले. फटीतलं एक टोक चिमटीत धरून ओढलं तर अख्खी पट्टी निघाली, वांब माशासारखी लांबलचक, खालून तेलाने चकचकीत. लाकडाला ती कधी चिकटलीच नव्हती.

मितेशराव सणाला आलेलेच होते. पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "लाकूडच खराब आहे. काकांनी होडी नीट ठेवली नाही."

काठावर चार होड्यांची माणसं उभी होती. तीस वर्षं ती होडी पोरासारखी जपणाऱ्या गोमाजींनी मान खाली घातली.

"आता परत राळ लावली तर?" विनिताने विचारलं.

मितेशराव पट्टी गुंडाळायला लागले. "बोला की," मी म्हटलं.

"सिलिकॉनचा अंश राहतो. त्याच्यावर दुसरं काही धरत नाही. आधी रंधा मारावा लागेल."

म्हणजे हेही ठाऊक होतं त्यांना.

"जावईबापू," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमची वस्तू चांगली आहे, तुम्ही नाही. तेल आहे हे मी सांगितलं होतं. न कळणं गुन्हा नाही, माझं अर्धं आयुष्य न कळण्यातच गेलं. पण स्वतःची चूक तुम्ही म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलीत, तीही चार माणसांत. आता त्याच चार माणसांत त्यांच्या पाया पडा आणि रंधा घ्या. उद्याची पुनव चुकली ती चुकली. होडी पाण्यात जाईपर्यंत या घरात तुम्ही जावई नाही, गोमाजींच्या हाताखालचे गडी आहात."