मी गळले नव्हते

मी एक जुनी, लाल रबराची गरम पाण्याची पिशवी आहे आणि मित्रांनो, मी अजून रागावलेली आहे.

साच्यातून निघाले तेव्हा मला पाण्याने भरून उलटं टांगलं होतं. एक थेंब गळला नाही. मग औषधांच्या दुकानातून मी शिंपीकाकांच्या घरी आले. काकूंची कंबर शेकायचे. "ही आहे म्हणून मी उभी आहे हो," असं त्या शेजारणीला सांगायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा!

काकांना मधुमेह होता. दिवसभर शिलाई मशीन चालवून आले की त्यांच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, साखर सांभाळायला सांगितलं आणि पाय शेकू नका म्हणून बजावलं. पण काका ऐकतील तर शपथ! रोज संध्याकाळी पाय माझ्यावरच. काकू निदान कोपर बुडवून पाणी बघायच्या, मगच मला भरायच्या.

एके दिवशी काका खुशीत म्हणाले, "अगं, पाय दुखायचे थांबले! बरा झालो मी." गोळ्या कपाटात गेल्या.

पुढच्याच महिन्यात काकू बहिणीकडे गेल्या होत्या. काकांना पाय हाताला गार लागले. त्यांनी मला भरलं, पाऊल ठेवलं आणि म्हणाले, "हॅ, हे तर कोमट!" ते ओतून त्यांनी उकळतं पाणी भरलं. मी चटके देत होते आणि हा माणूस तासभर पेपर वाचत बसला!

तळव्यावर हा मोठा फोड. काकू परत आल्यावर काका त्यांना म्हणाले, "पिशवी गळकी निघाली." इतक्या वर्षांची सेवा आणि हे बक्षीस! चोर सोडून संन्याशाला फाशी. काकूंनी मला तशीच दवाखान्यात नेली. "हिनेच घात केला बघा."

डॉक्टरीणबाईंनी मला नळाखाली भरलं आणि उलटं धरलं. थेंब नाही. मग काकांना डोळे मिटायला सांगून त्यांच्या तळव्यावर कापूस फिरवला.

"कळतंय?"

"काय कळतंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी तोंडाला पदर लावला. "काका, दुखणं बरं झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचे पाय सांगायचे थांबलेत."

चाळीस वर्षं ज्या पायांच्या जिवावर मशीन चालवलं, त्यांनीच दगा दिला होता. काका लहान मुलासारखे रडले. जखम चार महिने भरेना. शेवटी करंगळी काढावी लागली, बाकीचं पाऊल वाचलं. आता गोळ्या वेळेवर असतात आणि रोज संध्याकाळी काका आरशात तळवे बघतात, काकू बोटांच्या बेचक्या तपासतात. मी माळ्यावर आहे. "चुकलं आमचं" असं मला कोणी म्हणालं नाही.

मित्रांनो, मी गळले नव्हते हे खरं. पण भाजलं मीच, हेही खरं. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि ते एकाएकी "आता पाय दुखत नाहीत" म्हणाले, तर आनंदाने टाळ्या वाजवू नका. आधी त्यांचे पाय बघा, डॉक्टरांना दाखवा. आणि मला त्यांच्या पायांशी नेऊ नका. त्यांना चटका कळत नाही आणि मला नको म्हणता येत नाही.