एक स्टार

क्षिप्राने सिनेमाला एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, ‘फार लांबलाय. पैसे वाया.’ तिकिटांच्या ॲपवरचं हे तिचं चौथं खोटं नाव. याआधी ती पनवेलची विद्यार्थिनी झाली होती, नाशिकचे निवृत्त मास्तरही.

समीक्षकांनी मात्र खऱ्या खटल्यावरचा हा सिनेमा डोक्यावर घेतला होता. साडेचार स्टार. ‘सत्याशी प्रामाणिक.’ रोज सान्वीला भरवता भरवता ती एकूणएक परीक्षण वाचून काढायची; साक्षीदार मुलीचं खरं नाव, गाव कुणी छापलंय का, एवढंच बघायला. आठ वर्षांपूर्वी कळव्याच्या घराच्या खिडकीतून तिने एक खून पाहिला होता. ठाण्याच्या कोर्टात, बंद दाराआड, तिने त्या माणसाकडे बोट दाखवलं होतं. मग लग्न, नवं आडनाव, ठाकुर्ली. मार्चपासून तो माणूस जामिनावर बाहेर होता. सिनेमा लवकर पडला, तर लोक लवकर विसरतील.

आजच्या पेपरात होतं, ‘साक्ष देताना ढसाढसा रडणारी ती मुलगी हाच या सिनेमाचा प्राण.’

तिने ते दोनदा वाचलं. सान्वीचं तोंड पुसलं. मग मोबाइल उचलून ‘पैसे वाया’च्या पुढे लिहिलं, ‘ती रडली नव्हती. एकदासुद्धा नाही.’

बेल वाजली. क्षिप्राने आधी दाराच्या भिंगातून पाहिलं. समोरच्या कांताकाकू.

“अगं, किती वेळ! रविवारची तिकिटं काढतेय बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांची. तुझं धरू ना?”

“सान्वीला कुठे ठेवू, काकू?”

“सिद्धेशकडे. बापच आहे ना तिचा, पाहुणा तर नाही!” काकू हसल्या. “चल गं. ती साक्ष देणारी पोर काय धीट दाखवलीय म्हणे! अशी एक तरी प्रत्येक बिल्डिंगमध्ये हवी.”

“सांगते तुम्हाला.”

दार लावून ती आत आली. तिच्या ओळीखाली कुणीतरी उत्तर लिहिलं होतं. फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

‘बरोबर. तुम्ही रडला नव्हतात. मी समोरच होतो.’

त्या बंद खोलीत तिच्या समोर एकच माणूस उभा होता, तिने बोट दाखवलं तो.

तिने सगळं पुसून टाकलं, चारही नावांचं. सिद्धेशला तीनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. तिने सान्वीला कडेवर घेतलं आणि समोरची बेल दाबली.

“आलीस? बस, चहा टाकते,” काकू म्हणाल्या.

चहाचं पाणी गरम होईस्तोवर क्षिप्राने सांगून टाकलं. कळवा, खिडकी, कोर्ट, आत्ताचं ते उत्तर. इतक्या वर्षांत सिद्धेशशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं; चार वाक्यांत संपलं.

काकूंचा हात साखरेच्या डब्यावरच राहिला.

“म्हणजे त्याला पत्ता ठाऊक आहे?”

“माहीत नाही, काकू. सिद्धेश येईपर्यंत इथेच बसते मी.”

काकूंनी गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता. गॅलरीत जाऊन त्यांनी खाली गेटकडे पाहिलं, आत येऊन खिडकी ओढून घेतली. सान्वी सोफ्यावर उड्या मारत होती.

“पोरीला झोप आलीय बघ,” काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “घरी ने तिला.”